खरवडलेली पाठ

१४ जून १९८२, सोमवार

मृग सुरू होऊन आठवडा झाला आणि आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख. सकाळी लिंगपूजा आटोपून दुकान उघडलं तर पहिलं गिऱ्हाईक विडीवाल्याचं कॅलेंडर घेऊन उभं. वर शंकर-पार्वती, खाली विडीचं बंडल आणि एजंटाचं नाव. मी पट्टी धरून विडीचा भाग कापला, टोपलीत फेकला, उरलेल्या देवाला काच-चौकट केली. गंजगोलाईत दुकान टाकल्यापासून हेच करतो आहे. अजून प्रत्येक वेळी चीड येते. विडी खपवायला यांना देव लागतो!

दुपारी गौरा आली. माझी धाकटी बहीण गौरम्मा, औशाजवळ कुंभेवाडीला दिलेली. नवरा गेल्यापासून एकटीच शेत बघते. पाणी पिऊन झाल्यावर तिनं पदराची गाठ सोडली आणि एक चित्र पुढं ठेवलं. तळहाताहून लहान, जाड कागदाचं. कुंभेवाडीच्या संगनाथाचं देऊळ. खाली उर्दूत देवाचं नाव. तिच्या सासूच्या देवघरात निजामाच्या काळापासून होतं म्हणे.

“अण्णा, नांदेडचा एकजण गावात आलता. किशनराव म्हून. जुनी भांडी, नाणी, फोटू घेत फिरतो. हे बघून म्हणला, असली असतं तर दारात दुभती म्हैस आली असती. पर हे नकली हाय म्हणला.”

“कशावरून?”

“पाठ कोरी हाय म्हून. असलीच्या पाठीवर छाप असतो म्हणं.” मग चित्र माझ्याकडं सरकवून, “तुझा जन्म गेला चित्रात. तू सांगशील ते खरं. म्हैस आली तर दुधावर हे साल निघंल माझं.”

उलटून पाहिलं. पाठ कोरी तर होतीच, वर कापसासारखी फुसफुशीत. पुढच्या बाजूला भस्माचे थर. ठेवून जा म्हणालो. ती गेल्यावर राग आला तो त्या नांदेडवाल्याचा. पाऊस नाही म्हटल्यावर असले लोक गावोगाव फिरतात. माणसं कोरडी पडली की त्यांच्या कोनाड्यातलं स्वस्त होतं, हे यांना बरोबर कळतं.

२ जुलै, शुक्रवार

आज किशनराव स्वतः दुकानात आले. मनात धरलं होतं तसे निघाले नाहीत. माझ्याच वयाचे, बोलणं मऊ, कपाळाला गंध. चप्पल बाहेर काढून आत आले. आल्या आल्या भिंतीवरच्या बसवेश्वरांना हात जोडले.

“तुमच्या बहिणीचं मन मोडलं, मला बी वाईट वाटून राहिलं,” म्हणाले. “म्हटलं, अण्णांना असली वस्तू दाखवूनच जावं. आणि मला ती दोन्हीकडून काच घालून पाहिजे. पाठ बी दिसली पाहिजे.”

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. हैदराबादच्या एका कारखान्यात मोर छाप सिगरेट निघायची. प्रत्येक पाकिटात एक तस्वीर. लोक तस्विरी जमवायचे, जास्तीच्या आपसात बदलायचे. मोठमोठे वकीलसुद्धा. एकदा कारखान्यानं दक्कनमधली देवस्थानं काढली, त्यात संगनाथ निघाला. आपल्या लोकांनी गिल्ला केला की देव सिगरेटच्या पाकिटात कसा? कारखान्यानं छापणं बंद केलं. म्हणून आज ती मिळत नाही, आणि मुंबई-हैदराबादचे शौकीन तिच्यासाठी वाट्टेल ते द्यायला तयार.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. संगनाथ धूर काढणाऱ्याच्या खिशात! ज्यांनी गिल्ला केला त्यांनी योग्यच केलं. असलं चित्र गौराच्या सासूच्या देवघरात बसलंच कसं, याचंही नवल वाटलं. ती बाई तर फार कडक होती म्हणतात.

मग दोन्ही चित्रं उजेडात शेजारी ठेवली. किशनरावांच्या चित्राच्या पाठीवर मोर, त्याखाली नंबर आणि उर्दू ओळ. ती मी वाचली. गावच्या शाळेत मौलवीसाहेबांच्या हातच्या छड्या खाऊन शिकलेलं उर्दू अजून विसरलो नाही. “मोर छाप सिगरेट, हैदराबाद दक्कन.” कोपरे टोकदार, कडा पांढऱ्याशुभ्र, नाकाजवळ धरलं तर शाईचा वाससुद्धा टिकून. पत्र्याच्या डब्यात ठेवत होते म्हणाले. वस्तू जपावी तर अशी. नाहीतर आमची माणसं, भस्म फासफासून सगळं मातीत घालतात.

आणि मग मला ते दिसलं. किशनरावांच्या चित्रात देवळापुढची कमान स्वच्छ उमटली आहे, वीट न् वीट दिसते. गौराच्या चित्रात कमानच नाही! नुसतं देऊळ आणि पुढं उघडी जागा.

“इथंच सापडला चोर,” मी म्हणालो. “नकली छापणाऱ्यानं देऊळ पाहिलेलंच नाही. कमान टाकायची विसरला.”

किशनराव काही वेळ माझ्याकडं नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “वा! हे तर माझ्या बी ध्यानात आलं नव्हतं. तुमची नजर लई पक्की, अण्णा.”

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

५ जुलै, सोमवार

गौराला बोलावून सांगितलं. ती मानायला तयार नाही. “अव्वाच्या हातानं ठेवलेलं हाय ते. अव्वा देवात नकली ठेवंल का?” सासूला ती अव्वा म्हणायची. एवढंच धरून बसली.

मग मी विचार केला. गौरा खोटं बोलणार नाही. सासू नकली ठेवणार नाही. म्हणजे असली होतं आणि कुणीतरी बदललं. कुणी? सासू वारल्यावर घरं वेगळी झाली तेव्हा देवघर आधी मलप्पाकडं होतं. मलप्पा म्हणजे गौराचा दीर. चांगलं वर्षभर त्याच्याकडं होतं, मग मोठ्या भावाचा मान म्हणून गौराच्या घरी आलं. आणि त्याच वर्षी मलप्पानं विहिरीवर मोटार बसवली. आता कळलं मोटार कुठून आली ते.

माझी बायको रत्नम्मा चुलीपुढून म्हणाली, “मलप्पा भाऊजींना इचारलं का तुमी?”

“चोराला काय विचारायचं?”

“इचारल्याबिगर चोर कसा झाला?”

बायकांना सगळ्यांचं भलं दिसतं. माझ्या विधवा बहिणीच्या देवघरात हात घातला आहे त्यानं. रागानं जेवण गेलं नाही.

११ जुलै, रविवार

कुंभेवाडीला जाऊन आलो.

आधी संगनाथाला गेलो. कमानीखाली डोकं टेकवलं. कमानीवरच्या फरशीत वर्गणीदारांची नावं आहेत, त्यात माझं तिसरं. लातुरात नवं दुकान टाकलं तेव्हाची गोष्ट. सासष्ट साल खाली कोरलेलं आहे. रंग उडाला आहे, कुणाला डागडुजी करायची शुद्ध नाही. गाव असंच असतं. देवाला मनात म्हणालो, तूच बळ दे, आज मला स्पष्ट बोलायचं आहे.

मलप्पा विहिरीवर होता. पाणी पार तळाला गेलेलं, मोटारीचा पाइप उघडा पडलेला, म्हणून दोरानं ओढणं चालू. गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या, एवढ्या एकीला पाझर आहे. बायकांची रांग लागलेली.

“या पाव्हणं. सावलीला या आधी.”

“सावलीला आलो नाही मी. अव्वाचं देवघर वर्षभर तुमच्याकडं होतं. संगनाथाची असली तस्वीर कुठाय?”

“असली म्हंजी?”

“जी विकून ही मोटार बसवली ती.”

मलप्पानं दोर हातातच धरून ठेवला. मग बायकांकडं वळून म्हणाला, “ऐकलं का गं? मोटार मला संगनाथानं दिली म्हणं. आता त्यालाच सांगा, जरा वर पाणी बी आणून दे.”

बायका हसल्या. मला हसल्या की त्याच्या बोलण्याला, कळलं नाही, पण माझ्या अंगाचा जाळ झाला. जे तोंडाला आलं ते बोललो. देवाचा चोर म्हणालो. भावाच्या बायकोला लुबाडणारा म्हणालो. गौरा मागून माझा सदरा ओढत होती, तिलाही झिडकारलं.

तो सगळं ऐकून घेत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, “अव्वाची मडी तुम्हाला ठावं न्हाई, पाव्हणं. विडीचं थोटूक खिशात असलं तर पोटच्या लेकाला बी देवघराच्या उंबऱ्याला शिवू द्यायची न्हाई ती.”

“अव्वाचं सोवळं मधेच कशाला काढता? मी तुम्हाला विचारतोय.”

“तुम्ही कुठं इचारताय?” म्हणाला आणि पाठ करून पाणी ओढायला लागला.

विषय बदलला म्हणजे गुन्हा कबूल. यापेक्षा जास्त पुरावा कशाला हवा?

२६ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. उपास. उन्हाचा ताव चैत्रासारखा.

औशाहून आलेल्या माणसानं सांगितलं की गौरा आता मलप्पाच्या विहिरीवर जात नाही. त्यानं अडवलेलं नाही, तीच जात नाही. भावानं ज्याला चारचौघांत चोर म्हटलं त्याच्या विहिरीचं पाणी कोणत्या तोंडानं आणू म्हणाली. सरकारी टाकीवर जाते, तिथं दिवसाआड पाणी. कधी ओढ्यात झरा उकरते.

निरोप धाडला, लातूरला येऊन राहा. उलट निरोप आला, गुरं कुणाच्या जिवावर सोडू?

मला त्या मलप्पाचाच संताप येतो. चोरी करून वर माझ्या बहिणीला उन्हात हिंडवतो आहे. रत्नम्मानं उपासाची भगर वाढली, समोर बसली, माझ्याकडं बघत राहिली. तिचं न बोलणंही मला हल्ली बोलण्यासारखं लागतं.

१६ ऑगस्ट, सोमवार

आज लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादला खेटे घालणं संपलं. रस्त्यात पताका, बँड, गुलाल. गेले पंधरा दिवस मान वर करायला फुरसत नव्हती. नव्या कचेऱ्यांना पुढाऱ्यांच्या तसबिरी पाहिजेत, सगळ्या एकाच मापाच्या. काचा धुवायला पाणी नाही आणि मिरवणुकीच्या रस्त्यावर टँकरनं सडा मारला! तो सडा बघून डोळ्यांसमोर गौराच्या घागरी आल्या. ज्याला जिल्हा पाहिजे त्यानं आधी प्यायला पाणी द्यावं. हे मोठ्यानं बोललो तर शेजारचा कापडवाला म्हणाला, “अण्णा, आजच्या दिवशी तरी गोड बोला.”

त्या गर्दीत किशनराव आले. पेढे आणले होते. दोन्हीकडून काचेची चौकट घेतली, खूश झाले. मग म्हणाले, “अण्णा, बहिणीचं ते नकली तुमच्याकडंच हाय ना? मला नमुना म्हून द्या की. गावोगाव लोकांना दाखवतो, असली कसं, नकली कसं. गरीब माणूस फसायला नको. त्याचं काय असंल ते घ्या.”

त्या कागदाकडं बघितलं की मला मलप्पाचं तोंड दिसायचं. घरात नकोच होता.

“एक पै नको,” म्हणालो. “घेऊन जा. पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर आणू नका.”

त्यांनी ते रुमालात गुंडाळलं. किती हळुवार! नकली चित्र, पण देवाचं म्हणून दोन्ही हातांनी उचललं. माणसाला भाव असावा तो असा.

३ सप्टेंबर, शुक्रवार

भोकरकडचा एक शेतकरी औषधाला लातूरला आला होता. दुकानाचा पत्ता विचारत आला. “ते तुम्हीच का अण्णा? किशनराव सावकार आमच्याकडं तुमचंच नाव सांगतात. लातूरच्या फ्रेमवाल्या अण्णांनी जे नकली म्हणलं ते नकलीच, म्हणतात. आमच्या आईचं बी तसलंच निघालं. त्यांनी रद्दीच्या भावात का होईना, नेलं बिचाऱ्यांनी.”

त्याला चहा पाजला. एवढ्या लांब आपलं नाव पोचलं. रत्नम्माला सांगितलं. ती म्हणाली, “नाव तुमचं पोचलं, आन् वस्तू त्यांच्याकडं पोचली.” हिला कशातही खुसपट काढायची सवय आहे.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

काय लिहू.

घटस्थापना आली म्हणून लोक देवाच्या तसबिरी दुरुस्तीला आणतात. सकाळी एक म्हातारी आली. विडीवाल्याचंच जुनं कॅलेंडर, शंकराचं. मी नेहमीसारखी खालची पट्टी कापली आणि मागं पुठ्ठा लावायला घेतला. तिनं माझा हात धरला.

“असं कसं? मागं बी विडीवालं छापलंय बघ की. ते खरवड आधी. देवाच्या पाठीला विडी चिकटवून मी दिवा लावू का?”

मी ब्लेड घेतलं. खरवडायला लागलो. छाप निघाला, अक्षरं निघाली. खालून कागद कापसासारखा फुसफुशीत वर आला.

ब्लेड हातातून पडलं.

म्हातारी विचारत होती, लागलं का बाबा, लागलं का. तिला काय सांगू? गौराची सासू. विडीच्या थोटकाला उंबरा शिवू न देणारी. तिनं सिगरेटवाल्याचा मोर संगनाथाच्या पाठीवर ठेवला असता का? मलप्पानं विहिरीवर हेच सांगितलं होतं मला, माझ्या तोंडावर. मीच रोज देवाच्या पायाखालची विडी कापतो, टोपलीभर कापतो, आणि मला ते कळलं नाही!

आणि कमान. कमान सासष्ट सालातली आहे. माझं नाव आहे तिच्यावर, तिसरं. निजामाच्या काळात छापलेल्या चित्रात ती येईलच कशी? गौराच्या चित्रात कमान नव्हती, कारण तेव्हा ती नव्हतीच. किशनरावच्या चित्रात होती, कारण त्याचं चित्र कालपरवा छापलेलं. शाईचा वास डब्यामुळं टिकला म्हणे! आणि मी त्याला बोट ठेवून दाखवलं. तो माझ्याकडं का बघत राहिला होता ते आज कळलं. घाबरला होता तो. मी त्याची चोरी पकडली होती आणि तिच्यावरूनच माझ्या बहिणीला खोटं ठरवलं.

वर एक पैही न घेता असली त्याच्या रुमालात बांधून दिली.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

नांदेडला गेलो. वजिराबादेत त्याचं दुकान सापडलं, दाराला कुलूप. शेजारचा चहावाला म्हणाला, “ते हैदराबादला गेलेत ना. कुण्या नवाबाच्या जावयाला एक देवाची तस्वीर देऊन राहिलेत म्हणे. लई वर्षांनी असली सापडली, खूश होते.”

मी कुलपाला लाथ मारली. पन्नाशीला आलेला माणूस, कपाळावर भस्म, आणि भर बाजारात कुलपाला लाथ. लोक जमले. अंगठ्याचं नख फुटलं. तिथल्या तिथं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून उभा राहिलो, पण जप आठवेना. शिव्याच आठवत होत्या.

परतीच्या गाडीत कुणाला कुणाला शिव्या देत होतो ते शेवटी शेवटी माझं मलाच समजेना.

१७ ऑक्टोबर, रविवार

कुंभेवाडी.

विहिरीवर तीच रांग, पण लहान झालेली. बरीच माणसं साखर कारखान्याच्या पट्ट्यात निघून गेली. मलप्पा दोर ओढत होता. मी रांगेच्या पुढं जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “मी या माणसाला चोर म्हणालो होतो. हा चोर नाही. तस्वीर असली होती. मीच ती भामट्याला दिली.”

मलप्पानं बादली काठावर ठेवली. कपाळावरचा घाम पुसला.

“बस झालं सांगून?”

“झालं.”

“मी सात-आठ वर्सांचा असंन,” तो म्हणाला. माझ्याशी नाही, बादलीशी बोलल्यासारखा. “बा चोरून सिगरेट वढायचा. एक दिस पाकिटातनं संगनाथ निघाला. बा असा घाबरला, गपकन अव्वाच्या हातात दिला. अव्वानं आधी बाला आंघुळ घातली. मग वस्तरा घेतला. मी कोपरा धरला आन् तिनं पाठ खरवडली. मोराचं शेपूट लई रंगीत हुतं, मी म्हणलं एवढं ठिव. तिनं ठिवलं न्हाई. भस्म लावलं, देवात बसवला.”

मला राहवलं नाही. “मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत? इथंच उभा होतो मी!”

“तुम्ही चोर म्हणत आलता. चोराचं ऐकलं असतं का तुम्ही?”

त्यानं दोर माझ्या हातात दिला. “वढा. आधी वहिनीच्या घागरी, मग रांगेतल्या. बोलायचं मग बगू.”

ओढलं. हातात फोड आले. गौरा घागरी घेऊन आली, भरल्या तशा घेऊन गेली. मलप्पाला “येते भाऊजी” म्हणाली. मला काही म्हणाली नाही. देवघरात जाऊन आलो. चित्राची जागा तिनं रिकामीच ठेवली आहे. त्या रिकाम्या जागेला भस्म लावलेलं होतं आणि झेंडूचं एक फूल. दुष्काळात फूल कुठून आणलं कुणास ठाऊक.

१ नोव्हेंबर, सोमवार

तो आला. आपण होऊन आला. नांदेडच्या चहावाल्यानं त्याला काहीच सांगितलेलं दिसत नाही, की सांगून कळलं नाही. चप्पल बाहेर, बसवेश्वरांना नमस्कार, सगळं तसंच. बरोबर निलंग्याकडची एक बाई, जगदेवी नावाची. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

“अण्णा, या बाईंना तेवढं समजावून सांगा. माझ्यावर इस्वास ठेवून नाही राहिल्या. मी म्हटलं, चला, लातूरच्या अण्णांसमोर जाऊ. ते म्हणतील तसं.”

त्याचा गळा धरावा असं वाटलं. दोन्ही हात चौरंगाखाली दाबून धरले. बाईनं फडकं सोडलं. संगनाथ. पुढं भस्माचा थर, देवळापुढं उघडी जागा. कमान नाही. उलटलं. पाठ कोरी, फुसफुशीत.

मी बाईकडं बघितलं. “ताई, याची पाठ कुणी खरवडली?”

ती दचकली. “माझ्या आजेसासूनं. इळ्यानं. सिगरेटचं हुतं म्हणं मागं. का हो, बिघडलं का?”

“बिघडलं नाही. असली आहे.”

“अण्णा!” किशनराव हसत म्हणाला. “चष्मा लावा जरा. मागच्या बारीला असंच चित्र तुम्हीच नकली म्हणला होतात की. मी का म्हटलं होतं?”

मी उठून दुकानाच्या पायरीवर गेलो. गोलाईत सोमवारची गर्दी होती. कापडवाला, पानवाला, हमाल, सगळे बघायला लागले.

“होय, मीच नकली म्हणालो होतो,” मी ओरडलो. “मी चुकलो होतो! या माणसानं माझं नाव सांगून ज्यांच्या ज्यांच्या घरातले देव रद्दीत नेले ते सगळे असली होते! नकली याच्याकडं आहे. काढा हो किशनराव तुमची ती दोन काचांची चौकट, दाखवा लोकांना कमान. त्या कमानीवर माझं नाव कोरलंय, सासष्ट सालचं. भिंग देतो, वाचून दाखवा!”

त्यानं चप्पल पायात घालायचीही वाट बघितली नाही, हातात घेऊन चालू लागला. कापडवाला त्याच्यामागं गेला, पानवाला गेला, पण गर्दी दाट होती. रिकाम्या हातानं परत आले. लोक माझ्या दुकानासमोर थोडा वेळ थांबले. एकजण म्हणाला, अण्णाच चुकतात तर आता विचारायचं कुणाला? मग पांगले.

रत्नम्मा आतून पाणी घेऊन आली. जगदेवीला आधी दिलं, मग मला.

जगदेवीनं चित्र फडक्यात बांधलं, फडकं कमरेला खोचलं. पायरी उतरून गेली आणि पुन्हा मागं वळली.

“अण्णा, ते म्हणत हुते तसलंच चित्र तुम्ही आधी एक बघितलेलं. ते कुणाचं हुतं?”

“माझ्या बहिणीचं.”

“मग ते आता तिच्या देवात हाय ना?”

ती उत्तरासाठी थांबली होती.